एकेचाळीस नंबरच्या प्लेटी

— व्हय, ते रजिस्टर माझंच. अक्षर बी माझंच. म्या सिदू, हितला लॅब अटेंडंट, सतरा वर्सं झाली. आन् सगळीकडं अठ्ठ्याहत्तरच कसं, म्हनता? हे गरम कपाटाचं मशीन चांगलं हाय सायेब, म्हनून. सकाळी अठ्ठ्याहत्तर डिग्री, दुपारी अठ्ठ्याहत्तर. मानूस कवाच शिजला असता, पर आतले जीव त्यातच खुश — गरम पान्याच्या झऱ्यातले न्हवं का! आपल्या धाराशिवच्या मे महिन्यात बी त्यांना हुडहुडी भरंल. बसा की. संघप्रियाताई खालचा हॉल उघडाय गेल्यात, येतीलच. तुमी परीक्षक मानूस, तासभर आदीच आलात, मंग आमची धांदल व्हनारच. घ्या, चहा घ्या. साखर कमीच हाय.

बाहेर बाकड्यावर पांढऱ्या सदऱ्यात बसलेत, ते आबाराव — ताईंचे वडील, बेंबळीचे, गवंडीकाम करत्यात. सकाळपासून जो येईल त्याला सांगत्यात, पोरगी डाक्टर व्हनार, पर सुई टोचनारी न्हाय, पुस्तकातली. आन् खरं सांगू का, ताईंवानी काम करनारं मानूस म्या हितं बघितलं न्हाय. ह्या एवढ्याशा जिवाच्या पोटात हज्जारो जीन. कोनता लागतो, कोनता नुसता बसून खातो — कसं कळनार? ताई एकेक काढून बगत्यात. काढला आन् जीव वाढला, म्हंजे त्याच्यावाचून भागतंय. काढला आन् ज्या काचेच्या प्लेटीत ते वाढत्यात ती कोरी राहिली, म्हंजे त्याच्यावाचून जगनंच न्हाय. म्या म्हनलं, सायकलीचं बी तसंच — घंटी काढली तरी चालती, चेन काढली की खल्लास. ताई लई हसल्या. म्हनल्या, मामा, उद्यापासून तुमीच शिकवा.

एकेचाळीस नंबरचा जीन? व्हय, तोच तर मोठा. ताईंचं निम्मं पुस्तक, परबंध म्हनत्यात तो, त्याच्यावरच हाय. किती दिवस ठिवल्या प्लेटी? धा. दुसरीकडं सात दिवस ठेवत्यात म्हनं, ताईंनी धा ठिवल्या, हां. आन् एकदा न्हाय, तीन बारीला केलं. तिन्ही बारीला धाव्या दिवशी कोरं. मंग त्या वहीत लिहित्यात आन् मला सांगत्यात, मामा, धुवून टाका. — घान? बुरशी? माझ्या लॅबमधी? न्हाय हां सायेब. सतरा वर्सांत कुनी बोट दाखवलं न्हाय. काच बगा, तोंड दिसतंय. एकदाच काय ती — एकदाच, ती बी दोन प्लेटींवर… मोहरीएवढे ठिपके. ते काय, धुतलं की गेलं.

कवा म्हंजे? ते कशाला पायजे तुमाला… ह्याच, एकेचाळीसच्याच. तिसऱ्या बारीच्या. पर धाव्या दिवशी न्हवते हां! ताईंनी बघितलं तवा कोरंच हुतं, त्यांची काय बी चूक न्हाय. ते नंतर — अठराव्या दिवशी. अठराव्या दिवशी प्लेटी मशीनमधी काय करत हुत्या? राहिल्या. राहत्यात की कवा कवा. तुमी ते रजिस्टर कशाला उलटताय परत? …व्हय. ते आठ दिवस एकाच शाईचे हायत. बसल्या बैठकीला भरलेत. दिसतंय ना तुमाला, मंग इचारता कशाला? जळकोटला माझी बहीन हाय, सिताबाई. तिचं पोटाचं आपरेशन झालं, घरात कुनी न्हाय, शेरडं सोडाय मानूस न्हाय. ताई धाव्या दिवशी प्लेटी बघून, धुवाय सांगून पुन्याला गेलत्या. म्या रजेचा अर्ज दिला न्हाय — दिला असता तर मिळाला नसता, गेल्या साली बी मिळाला न्हवता. गेलो. प्लेटी न धुता तशाच मशीनमधी राहिल्या. आलो, मशीनवर अठ्ठ्याहत्तर दिसलं, तेच लिहून टाकलं. मंग प्लेटींचा डबा उघडला आन् हे ठिपके! म्हनलं, बुरशी लागली, आता आपन न्हवतो ते उघडं पडतंय. कुकरवानी ते प्रेशरचं मशीन हाय, त्यात घातल्या, उकळल्या, घासल्या. लख्ख. कुनाला काय बोललो न्हाय.

आन् बोललो बी नसतो. मागच्या महिन्यात शाळेची पोरं आली लॅब बघाय. ताई त्यांना सांगत हुत्या — ह्या कपाटात बुरशी जगत न्हाय, मुंगी न्हाय, आपल्या पोटातले जंतू न्हायत, हेच तेवढे जगत्यात. माझ्या हातात बिस्किटांचा ट्रे हुता. तसाच उभा राहिलो. बुरशी जगत न्हाय — मंग म्या घासलं ते काय हुतं? सांगा की. तुमी एवढे शिकलेले. दहावी नापास मानसाला कळलं सायेब. चेन काढलेली सायकल चालली हुती. सावकाश, अठरा दिवस लागले, पर चालली हुती. आन् ताईंनी लिवलंय, चालूच शकत न्हाय.

महिना झाला, जेवान गोड लागंना. रोज म्हनतो, आज सांगू. तवर पुस्तक बांधून आलं, आन् आबारावांनी मला बोलवून पान उघडून दावलं. आभार मानलेत बगा, शेवटच्या ओळीत, माझं नाव छापलंय — सिदूमामा. सिदू न्हाय, अटेंडंट न्हाय. सिदूमामा. आमच्या घरच्या कुनाचं नाव आजवर पुस्तकात आलं न्हाय. ते बघितल्यावर कोन्या तोंडानं सांगायचं? लाज वाटली, भ्या वाटलं, गप बसलो.

लिहू नका. पेन ठिवा सायेब, पाया पडतो. ताईंना ह्यातलं ठाव न्हाय. ठाव असतं तर तुमी पायरी चढायच्या आदी त्यांनीच सांगितलं असतं, तसल्याच हायत त्या. तुमी इचाराल, त्या म्हनतील कोरं हुतं — आन् त्यांच्या डोळ्यांनी बघितलं तवा ते कोरंच हुतं. खोटं माझं, आन् समद्यांपुढं अडकनार त्या, बापाच्या देखत. न्हाय. तसं नगं. पास करा म्हनत न्हाय म्या. परत लावू प्लेटी, अठरा लागू दे, तीस लागू दे…

आल्या. चप्पल वाजली. तुमी काय बोलू नका सायेब, तुमच्या तोंडून नगं, माझ्याच तोंडून. — या ताई. व्हय, चहा दिलाय सायबांना. आबारावांना म्हनावं, जरा बाहेरच थांबा. दार लोटून घ्या… आन् आदी बसा, ताई. न्हाय न्हाय, तुमी बसा. उभा म्या ऱ्हातो.