उंबऱ्यापुढची फरशी

माझं माहेर शहाबादाकडं, तिकडं आमी समदी फरशीची मानसं, खनंल तितं फरशी, थरावर थर, आन माझा बाप छिन्नी लावून अल्लाद एकेक थर उचलायचा, तव्यावरची भाकरी उचलावी तसा. मला म्हनायचा, नोडव्वा, कल्लु माताडतद, म्हंजे बघ गं पोरी, दगूड बोलतोय. फरशीवर पानी वतलं की लाटांच्या रेघा उठायच्या, मी बारकी असताना त्यावर गाल टेकून निजायची, आन खरंच पान्यात तरंगल्यावानी वाटायचं, काय सांगू तुमाला.

आता बाई, तुमी कालिजात दगडाचं शिकवता, तुमी म्हनला फरशी पान्याच्या तळच्या गाळाची, आन आमचा हितला काळा पाषान आगीचा रस निवून झालेला. असंल की. माझ्या हातानं मला ते आदीच सांगितलं हुतं, पर लई महागात पडलं.

लगीन हून मी हितं मैंदर्गीला आले, घर काळ्या दगडाचं काम करनारं, पाटे, जाती, देव घडवायचं. सासरा कमी बोलायचा. गावच्या देवळातल्या नंदीसाठी त्यानं एक धोंडा निवडून अंगनात ठेवला हुता, भिजवून, वाजवून बघितलेला, कुटं चीर न्हाय, ठोकला की घंटेवानी वाजायचा. मला नव्या नवरीला हौस, आपलं काम दाखवायची. मानसं बाजाराला गेल्याली, मी म्हनलं कडंचा एक थर काढून ठेवते. थर कुटला आलाय त्याला! घाव घालत गेले, घालत गेले, आन धोंड्याचे सरळ दोन तुकडे झाले.

सासू वरडली, फरशीवालीला माहेरी धाडा. सासऱ्यानं तुटल्या अंगावरनं हात फिरवला, म्हनला पोरी, ह्याला थर नसतो, ह्यो आतबाहेर एकच. बास, एवढंच. दुसऱ्या दिशी येस्टीत बसून कुटंतरी गेला. मला वाटलं माझ्या बापाकडंच गेला, तुमची पोर घेऊन जावा म्हनायला. मी लुगड्यांचं गठुडं बांधून ठेवलं.

तिसऱ्या दिशी आला तो टरकातनं फरशी घेऊन, माझ्याच बापाच्या खानीतली, लाटांची. आमी बायका रानात गेल्यावर एकट्यानंच उंबऱ्यापुढं बसवली. मला म्हनला, पानी वतत जा. तवापास्नं रोज सकाळी वतते, लाटा उठत्यात, त्यात जरा उभी ऱ्हाते, मग कामाला लागते. देवळाला दुसऱ्या धोंड्याचा नंदी गेला. माझ्या धोंड्याचे तुकडे अंगनात दिसंनात, मला वाटलं वड्यात टाकले असतील. मी इचारलं न्हाय, त्यानं सांगितलं न्हाय. सासरा गेला, तरी मनात सलायचं की मी नंदी मोडला.

माझा पोरगा सोलापुरात टाइल बसवतो. ह्या उन्हाळ्यात म्हनला, आई, दारात चकचकीत टाइल घालू. मी व्हय म्हनलं, पोराचं मन कशाला मोडा. त्यानं फरशी उचलली, तर खाली माझा काळा धोंडा, दोनी तुकडे अंगाला अंग लावून, वरनं सपाट घडवलेले, मधी नख जाईना. चाळीस वरीस मी त्याच्यावरच उभी हुते की. मी तितंच बसले आन लई रडले, गठुडं बांधलं हुतं तवाबी एवढी रडले नव्हते.

पोराला म्हनलं, जशी हुती तशी ठेव. ठेवली त्यानं. या बाई, चपला काढा, हितं उभ्या ऱ्हावा. थांबा, पानी वतते.