सांध्यात भरलेला भुसा

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, बुवांचा घसा ओला झाला, आता गोष्टीला बसू. पण त्याआधी एक प्रश्न टाकतो. ज्याला एखादी विद्या येते, त्याने शिकणाऱ्यासमोर आपली चूक दाखवावी — की झाकावी?

हं! दुसऱ्या रांगेतले गुरुजी लगेच म्हणाले, झाकावी! बरोबर आहे हो! फळ्यावर गणित चुकलं की आधी डस्टर फिरवायचं आणि मग म्हणायचं, 'मुलांनो, तुमचं लक्ष आहे की नाही ते बघत होतो!' हसू नका! तुम्ही आम्ही सगळेच ते डस्टर हातात घेऊन बसलोय. तर ह्या प्रश्नाचं उत्तर आज एका बाईकडून ऐकायचंय. पोथीतली बाई नाही — संगमेश्वराच्या अलीकडच्या एका गावातली. नाव मनोरमा. आणि तिचा नवरा जनार्दन मेस्त्री — सुतार!

सुतार म्हणजे कसला सुतार? दारं-खिडक्यांचा नाही. पेट्यांचा! — अहो नाना, भाता सोडा! पेटी म्हटल्याबरोबर आमचे पेटीवाले वासुनाना सूर धरायला निघाले. ती पेटी नव्हे! लाकडाची पेटी! कुंकवाची, दागिन्यांची, पोथी ठेवायची. फणसाचं लाकूड, वर शिसवीची बारीक पट्टी. एक खिळा नाही! फळीला फळी जोडायची ती कशी? ही बघा, माझी दोन्ही हातांची बोटं. ह्या हाताच्या बोटांत त्या हाताची बोटं गुंफली. आता ओढा! सुटतात का? तसा सांधा! आणि नख घालीन म्हटलं तर नख जाणार नाही. त्या गावच्या देवळात जनार्दनाने केलेली पोथीची पेटी आहे. पाव्हणे आले की गावकरी आधी ती पेटी दाखवतात, मग देव दाखवतात!

असा कारागीर! पण स्वभाव? अरे बापरे! घराच्या मागच्या पडवीत त्याचं कामाचं दालन. सांधे कापायला बसला की आतून कडी, खिडकी बंद! बायकोने चहा आणला तरी उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागच्या पावली परत. तीस वर्षं संसार झाला, मंडळी, तीस वर्षं! पण मनोरमेने नवऱ्याला सांधा कापताना एकदाही पाहिलेला नाही! शिकायला चार जण आले, चारही गेले. शेवटचा नरहरी म्हणून पंचविशीचा गडी होता, फार हुशार. त्याला तर जनार्दनाने एका सकाळी, भर कामातून, हात धरून बाहेर काढलं. का काढलं? कोणाला ठाऊक नाही. लोक म्हणाले, मेस्त्रींना आपली विद्या चोरीला जाईल अशी भीती!

आणि मंडळी, एके दिवशी रंधा मारता मारता मेस्त्री खाली कोसळले. अर्धांगवायू! उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला, जीभ जड झाली. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हाताचं काही सांगता येत नाही. पण जीभ सुटेल. ह्यांना बोलतं ठेवा."

बोलतं ठेवा! बोलणार कोण? जनार्दन भिंतीकडे तोंड करून पडला तो पडलाच. पाच महिने! "अहो, पेज घेता का?" — उत्तर नाही. "अहो, कूस बदलू का?" — उत्तर नाही. दोन घास घ्यायचा आणि ताट सरकवायचा. ज्याचा हातच गेला त्याने बोलायचं कोणासाठी, असं त्याने मनाशी ठरवून टाकलेलं. दिवसेंदिवस माणूस वाळत चालला. मनोरमा बघत होती. समोर जिवंत माणूस आहे, आणि तो आपण होऊन निघून चाललाय — हे बघणं काय असतं, ते ज्याने बघितलंय त्यालाच विचारा!

अशात धाकटा दीर आला, सदाशिव. त्याचं बाजारात फर्निचरचं दुकान. माणूस वाईट नाही हं! म्हणाला, "वहिनी, दादाची हत्यारं गंजतायत. मला द्या, निदान चालू राहतील."

ती म्हणाली, "भावोजी, आठ दिवस द्या मला."

आठ दिवस कशाला? तर तिला वाटलं, द्यायचीच आहेत तर पुसून, तेल लावून द्यावीत. गेली पडवीत. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत बसली! पटाशा पुसल्या, करवती पुसल्या. रंधा हातात घेतला. तिथे फणसाची एक फळी अर्धी तासलेली तशीच पडली होती, मेस्त्री कोसळले त्या दिवसाची. तिला काय वाटलं कोण जाणे! तिने रंधा फळीवर टेकवला आणि दिला ढकलून!

खर्र्र्र! लाकडाचे लचके निघाले!

आणि भिंतीपलीकडून आवाज आला — "उ... उलट!"

मंडळी! पाच महिन्यांनी पहिला शब्द! 'पाणी' नाही, 'देवा' नाही, बायकोचं नाव तर नाहीच नाही — "उलट!"

ती धावत आत गेली. मेस्त्री लालबुंद! "उलट... मारतेस! रेषा... बघ!" लाकडाच्या रेषा ज्या अंगाला धावतात त्या अंगाने रंधा चालवायचा असतो. ही उलट्या अंगाने चालवत होती. कारागिराला नुसत्या आवाजावरून कळलं!

आता ही बाई हुशार की नाही बघा! दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत गेली, फळीच्या रेषा नीट निरखल्या, आणि मुद्दाम उलटा रंधा मारला! खर्र्र्र! आतून काय आलं? शिवी! मी इथे सांगू शकत नाही, देवळात बसलोय. पण शिवी चांगली तीन शब्दांची होती! पहिल्या दिवशी शब्द तुटत आले, दुसऱ्या दिवशी तीन सलग! मनोरमेच्या डोळ्यांत पाणी. लग्न झाल्यापासून नवऱ्याची शिवी तिला इतकी गोड कधी लागली नव्हती!

चार दिवस हे चाललं. पाचव्या दिवशी मेस्त्री म्हणाले, "तू... मुद्दाम करतेस."

"हो," ती म्हणाली. "करते."

"माझं लाकूड... नासू नको."

"मग शिकवा मला. नीट करीन."

"नाही."

"का नाही?"

मेस्त्रींनी तोंड भिंतीकडे केलं. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "ठीक आहे. परवा भावोजी येतायत. हत्यारं देऊन टाकते."

ती पेज ढवळायला गेली. आणि मागून शब्द आले — "खाट... पडवीत घे!"

घेतली! शेजाऱ्याला हाक मारली, खाट उचलली आणि नेऊन ठेवली फळीसमोर!

शिकवणी सुरू झाली. तुम्हाला वाटेल, लगेच पेटी! छे! पहिले बारा दिवस नुसती धार! दगडावर पाणी घालायचं आणि पटाशी घासायची. मग मनगटावरचे केस त्या धारेने निघतात का बघायचं. नाही निघाले? परत घास! मेस्त्री डाव्या हाताने खुणा करायचे. खूण कळली नाही की बोलावं लागायचं. बोलताना शब्द अडला की संतापायचे, आणि संतापात तोच शब्द खणखणीत बाहेर पडायचा!

पहिली पेटी झाली. जमिनीवर ठेवली तर डुगडुगली. दुसरीचं झाकण बसेना. तिसरीचं बसलं — ते निघेना! चौथी पेटी बघून मेस्त्री म्हणाले, "चुलीत घाल!" आणि मंडळी, मनोरमेने खरंच घातली! त्या पेटीच्या जाळावर चहा केला आणि नेऊन दिला नवऱ्याच्या डाव्या हातात. "घ्या. चहा तरी बरा झालाय का?"

मेस्त्री हसले! अर्धंच तोंड हसलं, अर्धं हलत नव्हतं ना. पण हसले!

आठ दिवस म्हणून गेलेला सदाशिव दुकानाच्या गडबडीत अडकला होता, तो तेवढ्यात आला. बघतो तर वहिनी रंधा मारतायत आणि दादा ओरडतायत! त्याने हत्यारांचं नावच काढलं नाही. म्हणाला, "वहिनी, तीन आठवड्यांनी आपल्या हेमाचं लग्न. कुंकवाची पेटी तुम्ही करून द्या." हेमा म्हणजे सदाशिवाची लेक, सगळ्या घराची लाडकी. मनोरमा हो म्हणून बसली, आणि मग बोटांवर दिवस मोजायला लागली!

वीस दिवस! सोळाव्या दिवशी पेटी उभी राहिली. तीन कोपरे असे जुळलेले की बघत राहावं. चौथ्याला चूक झाली. करवत केसभर आत गेली आणि सांध्यात फट राहिली. मेस्त्रींना दुपारचा डोळा लागलेला. दिवस उरले चार. हात थकलेले. तिने काय केलं? सरस, म्हणजे सुताराचा डिंक घेतला, त्यात लाकडाचा भुसा कालवला, फटीत भरला. घासून, पॉलिश मारून मोकळी! फट कुठे होती ते सांगूनही सापडणार नाही!

मेस्त्री जागे झाले. पेटी मांडीवर घेतली. डावा अंगठा फिरवला — एक कोपरा, दुसरा, तिसरा, चौथा. चौथ्यावर अंगठा थांबला.

मनोरमेने मान खाली घातली. आता गर्जना होणार! पेटी भिंतीवर आपटणार!

मेस्त्रींचा अंगठा तिथेच. मग हळू म्हणाले, "देवळातली... पेटी."

"तिचं काय?"

"मागचा कोपरा. खालचा." थांबले. "भुसा."

"काय सांगता! त्या पेटीत? लोक हात जोडतात हो तिला!"

"म्हणून तर..." शब्द अडला. ती थांबली. पाणी दिलं. "खिडकी बंद... चोरीची भीती नव्हती. मी चुकलो... तर कोणी बघेल."

"आणि नरहरी?"

मेस्त्रींच्या एका डोळ्यातून पाणी वाहायला लागलं. "त्याने बघितलं. म्हणाला, मेस्त्री, फट राहिली. मी... हात धरून बाहेर काढलं. खरं बोलला... म्हणून काढलं."

मंडळी, तीस वर्षांचं कोडं! सारा गाव म्हणत होता, मेस्त्री विद्या लपवतायत. अहो, माणूस विद्या लपवत नव्हता, चूक लपवत होता! पण चूक आत कोंडली की विद्याही आतच कोंडते, दोघींना दार एकच आहे! चार जण दारातून परत गेले ते कशामुळे? भुशाच्या एका चिमटीमुळे!

मनोरमा म्हणाली, "मग ही पेटी तशीच देऊ?"

आजवर मेस्त्री सांगायचे आणि ती करायची. आज म्हणाले, "पेटी... तुझी. तू ठरव."

ती उठली. चुलीवर पाणी तापत ठेवलं. गरम पाण्याने सरस सुटतो ना! कोपरा भिजवला, सांधा उकलला, ती बाजूची फळी काढून टाकली. नवी फळी घेतली. डाव्या हाताने मेस्त्रींनी फळी दाबून धरली — नवराबायको एका कामावर, तीस वर्षांत पहिल्यांदा! — आणि ती कापत गेली. मध्येच मेस्त्री म्हणायचे, "इथे मी चुकायचो. घाई... करायचो. श्वास सोड. मग काप."

इथे मी चुकायचो! ऐकलंत? ह्या तीन शब्दांत जेवढं शिकवून झालं तेवढं बारा दिवसांच्या ओरडण्यात झालं नव्हतं!

लग्नात पेटी मांडली. बायकांनी उघडून बघितली, मिटून बघितली. नवऱ्या मुलाचा काका म्हणाला, "वा! जनार्दन मेस्त्रींचा हात आहे, लगेच कळतं!"

खुर्चीत बसलेले मेस्त्री, जड जिभेने, साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले, "माझा नाही! हिचा!"

मांडवात टाळ्या. पण आख्यान इथे संपत नाही. घरी आल्यावर त्यांनी मनोरमेला पत्र लिहायला सांगितलं. नरहरीला. नरहरी आता पंचेचाळिशीचा, लांज्याला स्वतःचं काम करणारा. पत्रात एकच ओळ: एकदा येऊन जा.

तो आला. अंगणातच उभा राहिला, आत येईना. मेस्त्री काठी टेकत, पाय ओढत पडवीच्या पायरीपर्यंत गेले. म्हणाले, "नरहरी... त्या दिवशी तू बरोबर बघितलंस. फट होती."

नरहरीने काय केलं असेल? उत्तर दिलं? हिशोब मागितला वीस वर्षांचा? काही नाही. चपला काढल्या, वर आला, आणि मेस्त्रींच्या पायाशी बसून हुंदके देत राहिला. मनोरमेने चहा ठेवला, तिघांचा.

मेस्त्रींचा उजवा हात पुन्हा उठला नाही, मंडळी. खोटं कशाला सांगू? पण आज त्या पडवीत दुपारी पाच बायका आणि दोन गडी शिकायला बसतात. मनोरमाबाई शिकवतात, मेस्त्री खाटेवरून दटावतात. मी गेलो होतो गेल्या वैशाखात. भिंतीवर एक फळी आहे, तिच्यावर डुगडुगणारी पेटी, न बसणारं झाकण, चुकलेले कोपरे ओळीने मांडलेत. नव्या माणसाला आधी ते दाखवतात!

आता मी तुमच्याकडे वळतो. पळता कुठे? बसा! ज्या सासूच्या हातची पुरणपोळी साऱ्या आळीत नावाजलेली, तिने सुनेला कधी सांगितलंय का, की लग्नानंतरची पहिली पाच वर्षं माझी पोळी तव्यावर फुटायची? बापाने मुलाला सांगितलंय, की मी दोनदा नापास झालो होतो? गुरुजी, तुम्ही? आणि हा बुवा? हा बुवा आपल्या शिष्याला सांगतो की मला गळा जन्मापासून होता! खोटं आहे हो! पहिल्या कीर्तनात मी मधोमध विसरलो आणि देवळाच्या मागच्या दाराने पळून गेलो होतो. तो तिथे टाळ घेऊन उभा आहे, त्याला आज पहिल्यांदा कळतंय! बघा कसा हसतोय! अरे, हस! आता तू माझ्यापेक्षा चांगलं गाशील!

तुमच्या घरी कोणीतरी आहे, जो तुमच्याकडे बघून म्हणतो, हे मला कधी जमणार नाही. त्याला शेजारी बसवा आणि सांगा, इथे मी चुकायचो. एवढंच सांगा. पुढचं तो करील, आणि उरलेलं रामराया करील. दोन्ही हात वर करा, चुकलेलेसुद्धा, आणि माझ्यामागे म्हणा — जय जय राम!