सात दिवसांचा समुद्र

—नाही गं, झरीन बाजारात गेलीय, आणि कमाल शुऐबाच्या कारखान्यातून सुटून कंपनीच्या बसने येईपर्यंत साडेचार होतात, तोवर बस, चहा घे. पुण्याची ना तू? शर्वरी. बरं झालं, मराठीत बोलता येईल, या घरातली पोरं मला इंग्रजीत उत्तरं देतात. तर ऐक. एक होती फखरुन्निसा, तिला एकच लेक कमाल, कमालची बायको झरीन, त्यांची दोन पोरं, आणि सगळ्यांचं बिऱ्हाड इथं आखातात, अबू हलीफात पाचव्या मजल्यावर. फखरुन्निसा म्हणजे मीच, दुसरी कुठून आणू?

दाखव ते तुझं पुस्तक. वाचता येत नाही, चित्रं कळतात. हे स्पेन? कमाल जेवताना वाचून दाखवतो — वर्षाला तीनशे दिवस ऊन, स्वच्छ वाळू, अजून कुणी न बिघडवलेला किनारा. न बिघडवलेला म्हणजे काय गं? जिथं अजून तुम्ही पोचला नाहीत, तोच ना? रागावू नकोस. ही बघ होडी, वाळूवर ओढलेली, बाजूला जाळं, मागे कौलं — आमच्या कोंडारीत, रत्नागिरीकडे, हेच होतं. फुकट होतं म्हणून कुणी पुस्तक छापलं नाही. आणि उन्हाचं काय सांगतेस, सुकत घातलेली मासळी उलटताना तळपाय भाजायचे आमचे. उन्हाचं कौतुक सावलीत बसणाऱ्याला.

त्या किनाऱ्याला लागून माझी नारळाची वाडी. माझी म्हणजे माझीच — निकाहात मेहेर म्हणून लिहून दिलेली. सासरा म्हणाला होता, पैसा उडतो, झाड उडत नाही. नवरा इथे बंदरावर खपला, मी तिथं वाडी शिंपली. बाईच्या मेहेराला नवऱ्यानंसुद्धा हात लावायचा नसतो, लेक तर लांबच. तुमच्या कंपनीकडून त्या स्पेनच्या घरातले वर्षाचे सात दिवस विकत घ्यायचे तर वाडी विकायची, आणि वाडी विकायची तर अंगठा माझा.

मी नाही म्हणाले. दोन महिने नाही म्हणाले. कमाल ओरडला नाही, तसा गुणाचा आहे. एवढंच म्हणाला, "अम्मी, वाडी एवढी प्यारी तर तिथंच जाऊन राहा. यंदा तुझा इकामा वाढवत नाही." म्हणजे इथं राहायचा परवानाच बंद. आता मी आनंदानं जायला हवं होतं ना? उठता-बसता ज्याचं नाव घेते ते गाव — पण तिथं आहे कोण? शेजारच्या घरांना कुलपं, आणि इथं धाकटी माझ्या हातचाच घास खाते.

मग परवा तो इकाम्याचे कागद घेऊन बसला, दरवर्षीसारखा, शाईसकट. इकामा वाढवून आणतो म्हणाला. मधे एक कागद सिंहाच्या छापाचा, आपल्याकडचा. त्याला वाटलं, म्हातारीला काय कळतंय. मला कळलं, वाडी विकायचाच तो. तरी लावला अंगठा. — हे त्याला सांगू नकोस हं. आईला फसवलं ही टोचणी राहील त्याला, तेवढीच माझी मिळकत.

असो. त्या स्पेनच्या घरात झोपायला जागा किती गं? — चार. — आणि पाचवं माणूस? — चालतच नाही? — नाही, सहज विचारलं.

बेल वाजली, तोच असेल. माझ्याकडे काय बघतेस, तुझे कागद नीट लाव. घराण्याचं नशीब उघडलं म्हणून सांग त्याला — सात पिढ्यांत कुणाला मिळाला नाही असा समुद्र, दरवर्षी सात दिवस. कप ठेव तिथंच, मी धुते. जा, दार उघड.