परीक्षितोव्ना

सिंधू : तोंडी परीक्षेतून उठून आलीस? बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोरून?

स्वरदा : हो. उठले आणि आले.

सिंधू : तुझ्या रशियनच्या मीनामॅडमचा ऑफिसात फोन आला, मला वाटलं पोरगी चक्कर येऊन पडली. मंडीदीपहून बसमध्ये उभ्याने आले मी. झालं काय?

स्वरदा : रशियन लोक नावापुढे बापाचं नाव जोडून बोलवतात, आई. आदर म्हणून.

सिंधू : आपल्यातही लावतातच की.

स्वरदा : मीनामॅडमना मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मुझे बस स्वरदा बोलिए. त्या मानल्या. आज परीक्षकांनी कागद बघितला आणि म्हणाले, "बसा, स्वरदा परीक्षितोव्ना."

सिंधू : मग?

स्वरदा : मग काय. बसलेच नाही.

सिंधू : तुझा बाप आपल्याला टाकून इंदूरला दुसरा संसार थाटून बसलाय, हे त्या माणसाला स्वप्नात दिसणार होतं? वड्याचं तेल वांग्यावर काढलंस.

स्वरदा : माझा आदर करायचा, तर त्याचं नाव कशाला? मला टायफॉइड झाला तेव्हा उशाशी कोण होतं?

सिंधू : मी होते. म्हणून मीच सांगते. मॅडमनी हातापाया पडून उद्याची वेळ मागून घेतलीय. नाही गेलीस तर वर्ष जाईल, मॉस्कोला शिकायला जायचं तेही जाईल. त्याने माझी वर्षं खाल्ली, आता तुझं एक त्याला वाढून देतेस?

स्वरदा : मला नाही घेता येत ते नाव. सच में, चीड येते.

सिंधू : गिळ की. मी नाही गिळली?

स्वरदा : तू गिळत नाहीस. टांगून ठेवतेस.

सिंधू : म्हणजे?

स्वरदा : दारावर काय लिहिलंय? परीक्षित देवधर. दर दिवाळीला ती पितळेची पाटी चिंचेने घासतेस तू. मी बघते.

सिंधू : एकट्या बाईचं घर दिसू नये म्हणून. तू लहान होतीस. कोणीही यायचं, बेल वाजवायचं. पाटी बघून माणूस जरा आदराने बोलतो.

स्वरदा : मग परीक्षक वेगळं काय करत होते?

सिंधू : आवाज चढवू नकोस. शेजारी ऐकतील.

स्वरदा : ऐकू देत. तो गेला हे सगळ्या मोहल्ल्याला माहीत आहे, जवाहर चौकातल्या भाजीवाल्यालासुद्धा. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहत नाही, हे तूच म्हणतेस ना?

सिंधू : पाटीचा आणि परीक्षेचा काय संबंध? उद्या जाणार की नाही, तेवढं बोल.

स्वरदा : बाहेर सगळ्यांनी त्याच्या नावाने हाक मारली, तरी ओ देईन मी. पण मग घरी येताना दारात तो नको.

(सिंधू उठून दार उघडते, पाटीच्या कडेवरून बोट फिरवते.)

सिंधू : गंजलेत गं त्या पाटीचे स्क्रू. पेचकस कुठे ठेवलायस?