धूर नसलेले निखारे

आमचं गाव राहुरी तालुक्यात, मुळेच्या कालव्यावर. घरी ऊस, गायी, आणि आम्ही तीन भावंडं: थोरली अक्का, मग मी, मग धाकटा भाऊ. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं, आता नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे, आणि सुरक्षा अधिकारी व्हायचं म्हणून पुढचा अभ्यासही चालू आहे. हे मिरवायला सांगत नाही. ज्या वायूने अक्का गेली, त्याचं सूत्र मला अकरावीपासून पाठ होतं, म्हणून सांगते.

आधी आमच्याकडची रीत सांगायला हवी. बाळंतिणीला तेल लावून अंघोळ घातली की बाजेवर निजवायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर घोंगडी, आणि वारा लागू नये म्हणून दार लावून घ्यायचं. आईचा यात हात बसलेला, गावातले लोक तिला बोलावून न्यायचे. कुणाला कधी काही झालं नाही, आणि त्याचं श्रेय शेगडीला नव्हे, घरांना होतं. पत्र्याचं छप्पर, भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये हात जाईल एवढी फट, जे काही साचायचं ते तिथून निघून जायचं. हे आईला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

सव्वा महिना झाला की बाळंतिणीला देवाला न्यायचं, म्हणून अक्काला शिर्डीला न्यायचं ठरलं. थंडीचे दिवस, तेव्हा मुक्काम करू म्हणून दाजींनी, म्हणजे अक्काच्या यजमानांनी, चांगलं हॉटेल घेतलं, एसीचं, खिडकीची काच न उघडणारं. मी कामावर होते, गेले नव्हते. आईने आणि दाजींनी सांगितलं तसं सांगते. आईने शेगडी पोत्यात बांधून बरोबर घेतली. नाना, माझे वडील, हसले, म्हणाले, अगं तिथं नळाला गरम पानी हाय, आता चूल बी घेती का. आई म्हणाली, तुमी कवा बाळंत झाल्ता, गप बसा.

हॉटेलच्या मॅनेजरने बजावलं होतं की छताला धुराचा अलार्म आहे, उदबत्तीसुद्धा लावू नका. म्हणून सकाळी अक्काची अंघोळ झाल्यावर आईने खाली चहाच्या टपरीवर कोळसे पेटवले, धूर पार संपेपर्यंत तिथेच उभी राहिली आणि लालबुंद झाल्यावर शेगडी उचलली. मॅनेजरने अडवलं, मावशी, हे काय. आई म्हणाली, बघ की वाकून, धूर हाय का इतका तरी. त्याने वाकून पाहिलं, धूर नव्हता, जाऊ दिलं. काय सांगू तुम्हाला, दोघंही काळजीच घेत होते. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, आणि धुराचा अलार्म त्याला ओळखतच नाही.

पलंगाखाली जागा नव्हती म्हणून शेगडी अक्काच्या पायाशी ठेवली, दाराच्या फटीला आतून टॉवेल लावायला सांगितलं. बाळ रडत होतं, तेव्हा आई म्हणाली, याला घेऊन आमी आधी दर्शन करून येतो, तू अंग शेकून पड, तुला संध्याकाळच्याला नेऊ. रांगेत मोबाईल जमा करायच्या आधी अक्काचा फोन आला, आई, डोकं लई दुखतंय गं, मळमळतंय. आई म्हणाली, प्रवासाचं हाय बाई, घोंगडी वढून नीज, आमी आलोच. मग रांग सरकली.

परतल्यावर दार वाजवून वाजवून उघडेना, मॅनेजरने दुसरी किल्ली लावली. अक्का कुशीवर होती, गाल गुलाबी. आई अजून म्हणते, असा रंग तिच्या तोंडावर लग्नातबी नव्हता.

मी नगरहून पोचल्यावर डॉक्टरांनी मला, नानांना आणि दाजींना बाजूला घेऊन सांगितलं, कोळशाचा वायू, कार्बन मोनॉक्साइड, गालांचा गुलाबी रंगही त्याचाच. नाना लगेच म्हणाले, हे तुझ्या आईच्या कानावर घालायचं न्हाई, ती जगायची न्हाई. आईला हार्ट अटॅक सांगितला. तिने तो मानला, पण स्वतःचं कारण जोडलं: वली बाळंतीण थंडीत भाईर काढली, गारठा लागला. म्हणजे तिच्या लेखी उपाय एकच उरला, पुढच्या वेळी जास्त शेक, जास्त बंद खोली.

तेव्हापासून कामानिमित्त कुठे मुक्काम पडला की मी आधी खिडकी उघडून बघते, मग बाथरूममध्ये गॅसचा गिझर आहे का ते बघते, बंद जागेत तोही हाच वायू सोडतो, असला तर खोली बदलून मागते. बॅगेत या वायूचा छोटा अलार्म असतो, तो उशाशी ठेवते. बरोबरचे लोक थट्टा करतात, मॅडम निघाल्या फटी मोजायला. करू देत.

यंदा माझी भावजय बाळंत झाली. आता घर पत्र्याचं नाही, भावाने स्लॅबचं बांधलंय, सरकत्या काचांचं. सुट्टीला घरी गेले तर आई खिडक्यांच्या फटीत चिंध्या कोंबत होती आणि शेगडी पेटलेली. मी ती उचलून अंगणात ठेवली. आई म्हणाली, शिकली म्हंजी बाळंतपनं कळायला लागली व्हय तुला, एक लेक गारठ्यानं गेली माझी, आता हिलाबी जाऊ देऊ? दारातून नाना मला म्हणाले, गप. मी गप बसले नाही. कोळसा, बंद खोली, डोकेदुखी, सगळं क्रमाने सांगितलं.

आईने एवढंच विचारलं, फोन केला तवा भाईर ये म्हनले असते, तर वाचली असती का ती.

नाना माझ्याकडे बघत होते. मी हो म्हणाले.

त्या ‘हो’बद्दल नाना अजून माझ्याशी बोलत नाहीत. भावजय आणि बाळ ठीक आहेत, कोवळ्या उन्हात बसवतो आम्ही त्यांना, खोलीच्या खिडक्या उघड्या असतात. गावातून कुणी बोलवायला आलं तर आई सांगते, मला जमत न्हाई आता. त्या खोलीत ती पाऊल टाकत नाही. आत बाळ रडलं की भाकरी थापताना तिचा हात थांबतो, रडं थांबेपर्यंत तसाच राहतो, पण ती उठत नाही. मीही तिला ऊठ म्हणत नाही.