सगळं शहर पिवळं, आमची गल्ली पांढरी

...नाही, तुम्हीच सांगा, माणसानं ऑफिसात एक बोलावं आणि घरी येऊन चपला काढल्या की दुसरंच, याला काय म्हणायचं? आमचे हे नगररचना खात्यात साहेब आहेत. लग्न झाल्यापासून एकच पालुपद ऐकतेय, "शहर आडवं पसरू देऊ नये, उभं वाढवावं. पसरलं की माणसं बसमध्येच म्हातारी होतात." ऐकून ऐकून मला पाठ झालं, आणि तुम्हाला सांगते, पटलंसुद्धा! तिथंच चुकलं. नवऱ्याचं ऐकून घ्यावं, पटवून घेऊ नये.

तर झालं काय, लेकीला दिवस गेले. भाड्याची खोली पुरेना. जावईबापूंनी घर बघितलं कुठे, तर शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत. बाहेर म्हणजे किती बाहेर? दोन बस बदला, मग पायी चाला, आणि पोचलात की परतायची वेळ! बाळाला ताप आला तर मी पोचेपर्यंत ते शाळेत जायला लागायचं. मी म्हटलं, छे. लेक बाहेर जायची नाही, घर वर जाईल. गच्ची आहे ना आपली? चढवू दोन खोल्या.

तर हे म्हणतात, आपल्या गल्लीत परवानगी नाही. का नाही? म्हणे नियम आहे. कुणी केला? तर चष्मा पुसायला लागले... आणि हे चष्मा पुसायला लागले की समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय.

पुढच्याच आठवड्यात नव्या आराखड्याची सुनावणी होती, ज्याला हरकत असेल त्यानं यावं. गेले. भिंतीवर हा एवढा नकाशा, मजले चढवता येतील तिथे पिवळा रंग. बाजार पिवळा, स्टेशनची बाजू पिवळी, शाळेमागचं सगळं पिवळं, आणि मधोमध एक चिमुकली गल्ली पांढरीशुभ्र. आमची! का? तर समोरच्यानं मजला चढवला की ह्यांच्या आरामखुर्चीवरचं ऊन जाईल ना! लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

समोर टेबलामागे साहेब म्हणून हेच बसलेले. उभी राहिले. माझ्या आवाजाला माईक लागत नाही. विचारलं, साहेब, ही एकच गल्ली पांढरी का? तर हे, ऑफिसात जरा नाकातच बोलतात, "बाई, आपण राहता कुठे?" बाई! मला!

म्हटलं, "साहेब, तुमच्याच घरात. सकाळी डबा मीच भरून दिला."

अख्खं सभागृह हसतंय, ह्यांचे वरचे साहेब डोळे पुसतायत. मी म्हटलं, हसू नका. माझी लेक पोटुशी आहे, तिला आईपासून लांब नेऊन टाकायचं आणि त्याला शहर वाढलं म्हणायचं? दाट वस्ती हवी ना तुम्हाला? मग माझ्या डोक्यावरून सुरुवात करा. लेक बाहेर जायची नाही, घर वर जाईल!

झाली गल्ली पिवळी. खोल्या चढल्या, लेक आली, नात झाली. जिंकले की नाही?

जिंकले हो. पण काल लेक अर्ध्या जिन्यात येऊन उभी. "आई, तुझ्या आवाजानं बाळ दचकून उठतं गं. ती बाहेरची वसाहत म्हणे फार शांत आहे..."

घ्या! म्हणजे हात दाखवून अवलक्षण. तेव्हापासून घरात मी कुजबुजते, ह्यांच्याशी भांडणसुद्धा खुणांनी करते. म्हणून तर तुम्हाला गाठलं इथे, गल्लीच्या तोंडाशी. लेक बाहेर गेली नाही, घर वर गेलं... आणि तोंड उघडायचं झालं, की मी बाहेर.