हेअर ड्रायर धरून किती?

—नाही नाही, छपराच्या त्या उतारावर नको, या उतारावर. पोरी, तू आधी खाली ये बघू. आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नकोस, ती नुसती दिसायला आहे. हां. आता ऐक. पॅनेल लावायचं ते या बाजूला, घराच्या बाजूला. काय? ही उत्तर आहे? असेल ना उत्तर, मी कुठे नाही म्हणतोय? सूर्य दक्षिणेकडून जातो हे मलाही ठाऊक आहे, सदुसष्ट वर्षं बघतोय मी त्याला — पण तिकडे बघणार कोण? तिकडे शेजारच्या मिलुतिनच्या मेंढ्या! म्हणजे मी थेट निश शहराहून इंजिनिअर बोलवायची, शेडवर चकचकीत पॅनेल चढवायचं, आणि ते मेंढ्यांनी बघायचं? आणि इकडे बघ. इकडे स्वयंपाकघराची खिडकी आहे. पडद्यामागे कोण उभं आहे? — अगं अशी सरळ बघू नकोस! जांभई दे आणि जांभई देता देता बघ. दिसली? ती स्तामेन्का. माझी बायको. बेचाळीस वर्षं. तिला दिसलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. वीज थोडी कमी आली तरी चालेल. — अर्ध्याहून कमी? एवढी कमी? बरं. मग दक्षिण. बघू देत मेंढ्या.

बस, त्या उलट्या बादलीवर बस. खुर्ची एकच आहे आणि तिचं माझ्याशीच जमतं. तुला वाटत असेल, म्हातारा चळलाय, चाळीस पावलांवर घर, घरात वीज, एक वायर ओढली की झालं काम. ओढली होती! पहिल्याच दिवशी ओढली, कोंबड्यांच्या खुराड्यावरून, आलुबुखाऱ्याच्या झाडाला वळसा घालून. दिवा लागला, रेडिओ लागला, मी पाय पसरून बातम्या ऐकतोय — आणि खट्. बातम्या देणारा अर्ध्या वाक्यात गप्प. तिने प्लग काढला. आणि खिडकीतून काय ओरडली माहीत आहे? "ज्याला माझी हवा नको, त्याला माझी वीजही नको!" अख्ख्या गल्लीने ऐकलं. मिलुतिनने तर कुंपणापाशी येऊन ऐकलं. म्हणून मी ठरवलं, आता आपला सूर्य, आपली बॅटरी, तिच्या मीटरशी संबंधच नको.

हवा कसली म्हणून काय विचारतेस — हीच तर सगळी गोष्ट आहे. आमची मुलगी विओलेता, ती स्वीडनला असते. तिने आईला फोनवर सांगितलं, रोज सकाळी दहा मिनिटं घरातल्या समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, म्हणजे हवा खेळती राहते. खेळती! हवा काय लहान मूल आहे खेळायला? समोरासमोर, पोरी! म्हणजे प्रोमायाच की, आरपार जाणारा जीवघेणा वारा! इकडून वारा आत, तिकडून बाहेर, आणि बरोबर मधे मी, कॉफी पीत बसलेला. तू हसतेस. तुम्हा शहरातल्या पोरांना प्रोमाया काय ते कळायचं नाही, तुमच्या घरात ती घुसायलाही जागा नसते. माझा काका प्रोमायाने गेला. — हो, त्र्याण्णव वर्षांचा होता, पण खिडकी उघडी होती ना! मी स्तामेन्काला म्हटलं, एक उघड, दुसरी लाव. ती म्हणाली, मग हवा जाणार कुठून? मी म्हटलं, जाऊ नये म्हणूनच तर भिंती बांधल्या. चौथ्या दिवशी माझी मान धरली. अशी, डावीकडे. दोन दिवस मी फक्त डावीकडचीच माणसं बघत होतो. तेव्हा मी मिलुतिनच्या समोर बोलून गेलो की त्या दोन्ही खिडक्या उघडत आहेत तोवर घराच्या उंबऱ्यावर या रादिसावचा पाय पडणार नाही. आता मिलुतिनसमोर बोललं म्हणजे सगळ्या गावासमोर बोललं. त्यामुळे अडकलोय. म्हणजे — अडकलो नाही. मजेत आहे. ही खाट, हा स्टोव्ह, ती कोपऱ्यात रकियाची दारू गाळायची भट्टी. माणसाला आणखी काय लागतं?

जेवण? जेवण मी तिच्याकडून घेत नाही. अजिबात नाही. सूप ते... ते खुराड्यापाशी ओंडका आहे ना, त्याच्यावर येतं. दुपारी बारा वाजता. वर बशी झाकलेली असते. कोण ठेवतं मला काय माहीत, मी विचारलेलं नाही. रिकामं भांडं मी धुऊन तिथेच ठेवतो, तेही कुठेतरी जातं.

बरं, लिही आता. काय काय चालवायचं आणि किती वेळ, असंच विचारलंस ना? दिवा एक, चार तास. रेडिओ, तीन तास, निवडणुका असतील तर पाच. फोन. छोटा पंखा — नको, पंखा खोड, तीही प्रोमायाच, फक्त विकत घेतलेली. आणि हेअर ड्रायर. झालं.

काय झालं? लिही ना. हेअर ड्रायर. हो, केस वाळवायचा. माझ्या डोक्याकडे काय बघतेस, डोकं सगळ्यांनाच असतं. — दोन हजार वॅट? एवढासा तो? त्या एकट्यासाठी इन्व्हर्टर मोठा, बॅटरी मोठी, पॅनेल एकाऐवजी चार? आणि हेअर ड्रायर न धरता एकच पॅनेल पुरतं? हे बघ पोरी, हिशेब तुझा, यादी माझी. हेअर ड्रायर धरून किती, ते सांग. तो मला लागतो. पाइप गोठतात इथे थंडीत. — मे महिना आहे, मला दिसतंय मे महिना आहे, पण थंडी काय कायमची गेली का? शिवाय भट्टी पेटवायला. ओली लाकडं. आणि अळंबी वाळवायला — बरं, नाही वाळवत मी अळंबी. कधीच नाही वाळवली. लिही ना तू!

किती वेळ ते विचारतेस? आता ते... तुझे केस किती आहेत? सोड बघू. नको, राहू दे, असंच सांग, कमरेपर्यंत असते वेणी तर किती मिनिटं लागली असती? पंचवीस? मलाही पंचवीसच लागतात. म्हणजे — जो वाळवतो त्याला. आता तोंडातून गेलंच आहे तर सांगतो, पण ही वही बंद कर आधी. स्तामेन्काचा उजवा खांदा वर जात नाही. तीन वर्षं झाली, चेरी काढताना शिडीवरून पडली — नाही, ही शिडी नाही, असली एक शिडी आणखी होती. पुढचे केस ती वाळवते, मागचे तिला पोचत नाहीत. ते मी. दर शनिवारी. ती स्टुलावर बसते, मी मागे उभा राहतो, त्या यंत्राच्या आवाजात एकमेकांचं काही ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं त्या वेळी कधीच भांडण होत नाही. आणि ओल्या केसांनी ती राहूच शकत नाही! प्रोमायावर विश्वास नाही, पण ओलं डोकं म्हणजे मरण, यावर आहे. असली बाई! तर मी इथे आल्यापासून एक शनिवार गेला. ती डोक्याला टॉवेल गुंडाळून संध्याकाळपर्यंत अंगणात बसली होती, उन्हाकडे पाठ करून. मी इथून, त्या फटीतून, बघत होतो — म्हणजे सहज लक्ष गेलं. म्हणून माझं असं ठरलं की इथे वीज आली की शनिवारी तिने यायचं, या बादलीवर बसायचं, वाळले की उठून जायचं. एक शब्द बोलायचा नाही. ही तडजोड नाही हं. ही सोय आहे.

पुसू नकोस डोळे, धूळ आहे इथे. ह्या बघ बॅटऱ्या. कारखाना बंद झाला तेव्हा मामेभावाने आणल्या, माल उचलायच्या गाडीतल्या. एकेक म्हणजे डुक्कर आहे वजनाला. चालतील? चालतील! बघ, म्हटलं होतं ना. कुठे ठेवायच्या? इथेच, खाटेखाली. — का नाही? वायू सुटतो? पेट घेणारा? बरं. मग काय करायचं? भिंतीला भोक. पाडू भोक, त्यात काय, एक भोक खाली. आणि? दुसरं वर. कुठे वर? समोरच्या भिंतीत?

समोरासमोर?

पोरी, तुला तिने पाठवलंय का? खरं सांग. फोन मी केला होता हे मला माहीत आहे, पण तू येताना स्वयंपाकघरात पाणी प्यायलीस ना? — इकडून हवा आत, तिकडून बाहेर, आणि मधे खाटेवर मी! कायमचं! घरी निदान दहा मिनिटांची होती. भोकं बुजवली तर? बोळा कोंबला तर? स्फोट. अच्छा. म्हणजे एक तर प्रोमाया नाहीतर स्फोट. असली वीज मला कोणी शिकवली नव्हती. बॅटरीची मान नाही धरत? तिला आवडते प्रोमाया? नशीबवान आहे.

थांब. थांब जरा. म्हणजे बॅटरी जिथे, तिथे माणसाने झोपायचं नाही — असं म्हणालीस ना तू आत्ता? नियम आहे? तुझा सल्ला आहे की नियम आहे? सल्ला नको मला, सल्ला मला बायकोही देते. नियम आहे. छापील? म्हणजे या शेडमधे एक तर बॅटरी राहील, नाहीतर मी. आणि बॅटरी तर आली, दीडशे किलोची, ती काही आता हलत नाही. म्हणजे... म्हणजे मला हलावं लागणार. काय करणार? मी कायदा मानणारा माणूस आहे.

वही उघड. लिही. "सदर शेडमधे कोणत्याही इसमाने वास्तव्य करू नये." इसमाने लिही, माणसाने लिहिलं तर मिलुतिन म्हणेल रादिसाव यातून सुटला. खाली सही. आणि शिक्का? शिक्का आहे ना तुझ्याकडे? शिक्का नसेल तर तो कागद नाही, ते वहीचं पान आहे. — आहे! गोल आहे! निळा! अगं तू आधीच का नाही सांगितलंस, मी छपरावर चढवलंच नसतं तुला. दाब जोरात. आणखी एक दाब, इथे, कोपऱ्यात.

पॅनेल? एकच लाव. दिव्यापुरतं. हेअर ड्रायर खोड. बॅटरीला कशाला हवा, तिला केस आहेत का? आणि खिडक्यांबद्दल काही लिही खाली. लिही की रादिसावने मानेला मफलर गुंडाळावा, दहा मिनिटं. हां, तो नियम नाही, तो सल्ला. चालेल, सल्लाच लिही.

वार लिहायचा असतो का तारखेपुढे? लिही मग. आज शनिवार. — ऐकलंस? न्हाणीघराचं पाणी बंद झालं. ती उशी दे इकडे. आणि तो कागद. चल, तू नीघ आता. मागच्या वाटेने जा, मेंढ्यांच्या बाजूने, आणि मिलुतिन भेटला तर त्याला सांग, रादिसावला शेडमधून सरकारने बाहेर काढलं. सरकार नसलीस म्हणून काय झालं, शिक्का आहे ना! जा, जा, मला वेळ नाही.